साखळीचा शेवटचा आठवडा

क्रिकेटच्या सामन्यास जाणारा माणूस खेळ पाहावयास जातो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. मोसमाच्या आरंभी ती खरीही असते. परंतु साखळी सामने संपत आले, की त्याच माणसाचे चित्त मैदानावरून उडते आणि गुणतालिकेतील आकड्यांवर जाऊन बसते. आपला संघ जिंकला म्हणून तो पुरता आनंदत नाही. दुसऱ्या गावी, दुसऱ्या मैदानावर, ज्यांच्याशी आपले काही देणेघेणे नाही असे दोन संघ खेळत असतात, त्यांतील कोण हरतो याकडे त्याचे कान लागलेले असतात. या अवस्थेचा उलगडा करावा आणि तिच्यामागे जे गणित आहे ते शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली उभे राहिले, आणि त्याच वर्षी १ जूनला आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथेच झाला. राजस्थानने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरविले. तेव्हापासून नवी मुंबईकरांस मोठे सामने पाहावयास हार्बर गाडीने चर्चगेटच्या दिशेने जाण्याची गरज उरली नाही. गर्दीचा ओघच उलट वाहू लागला. पण मला सांगावयाची गोष्ट त्या अंतिम सामन्याची नाही. ती २०२३ सालच्या मार्च महिन्यातील आहे, स्त्रियांच्या पहिल्या प्रीमियर लीगची. सारे सामने नेरूळ आणि ब्रेबॉर्न या दोनच मैदानांवर झाले. स्त्रिया व मुलींस प्रवेश मोफत होता. त्यामुळे एरवी टीव्हीपुढे भाजी निवडीत सामना पाहणाऱ्या आमच्या भागातील कित्येक गृहिणी मुलींना घेऊन प्रथमच स्टेडियमची पायरी चढल्या, आणि दोन आठवड्यांच्या आत निव्वळ धावगतीवर अधिकारवाणीने बोलू लागल्या.

स्पर्धेची रचना अशी होती. पाच संघ, प्रत्येकाने इतर चौघांशी दोन-दोन वेळा, म्हणजे आठ सामने खेळावयाचे. विजयास दोन गुण. तालिकेत पहिला येणारा संघ थेट अंतिम सामन्यात. दुसऱ्या व तिसऱ्या संघाने आपसांत एक सामना खेळावयाचा, त्याला एलिमिनेटर म्हणतात. त्यात जो हरेल तो घरी जाईल. यावरून ध्यानात येईल की पहिला आणि दुसरा यांतील अंतर नुसते मानाचे नाही. पहिल्याला विश्रांती मिळते, दुसऱ्याच्या डोक्यावर एक जास्तीची परीक्षा बसते. त्या परीक्षेत एक वाईट तास आला, की आठ सामन्यांची पुण्याई पाण्यात.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर वर कोणाला ठेवावयाचे? येथे निव्वळ धावगती येते. तिची व्याख्या एका वाक्यात सांगता येते. आपण साऱ्या स्पर्धेत एका षटकामागे सरासरी किती धावा केल्या, त्यातून प्रतिपक्षांनी आपल्याविरुद्ध एका षटकामागे सरासरी किती केल्या ते वजा करावे. उरेल ती निव्वळ धावगती. व्याख्या सोपी खरी, पण तिच्यात तीन खाचा आहेत आणि चाहत्यांची बहुतेक भांडणे या तीन खाचांतच होतात.

पहिली खाच सरासरीची. पुष्कळ लोक प्रत्येक सामन्याची वेगळी धावगती काढतात, त्यांची बेरीज करतात आणि सामन्यांच्या संख्येने भागतात. हे चूक आहे. वाशीच्या बाजारातून एके दिवशी ४० रुपये दराने एक किलो टोमॅटो घेतले आणि दुसऱ्या दिवशी २० रुपये दराने चार किलो घेतले, तर सरासरी दर ३० रुपये होत नाही. एकूण १२० रुपयांस पाच किलो, म्हणजे २४ रुपये होतो. धावगतीचेही तसेच. सर्व धावा एका बाजूला, सर्व षटके दुसऱ्या बाजूला, आणि मग एकच भागाकार. त्यामुळे ज्या सामन्यात जास्त षटके खेळली गेली त्याचे वजन अधिक पडते.

दुसरी खाच षटकांच्या लेखनाची. फलकावर १४.२ असे दिसते ते दशांश चिन्ह नव्हे. चौदा षटके आणि दोन चेंडू, म्हणजे चौदा आणि एक तृतीयांश. आपल्याकडे १९५७ साली आणे-पै गेले आणि दशमान नाणी आली. क्रिकेटच्या षटकाला मात्र ही सुधारणा अजून शिवलेली नाही. ते आपले सहा चेंडूंचेच राहिले आहे. मोबाइलच्या गणकयंत्रात १४.२ जसेच्या तसे घालणारा तरुण येथे हमखास फसतो. रुपया-आण्यांत हिशेब केलेले आजोबा फसत नाहीत.

तिसरी खाच सर्वांत महत्त्वाची. एखादा संघ पूर्ण बाद झाला, तर त्याने प्रत्यक्षात किती षटके खेळली हे पाहिले जात नाही. त्याच्या नावावर पूर्ण वीस षटके धरली जातात. पहिला सामना ४ मार्चला नेरूळला झाला. मुंबईने वीस षटकांत २०७ धावा केल्या आणि गुजरातचा डाव १५.१ षटकांत ६४ धावांत आटोपला. या ६४ धावांना वीसने भागावयाचे, भागाकार ३.२. मुंबईची गती १०.३५. एकाच संध्याकाळी सातांहून अधिक नफा! हा नियम नसता तर बाद होण्याची शिक्षाच उरली नसती. दहा गडी झटपट गमावून थोड्या षटकांत बऱ्या धावा केल्याचा दाखला संघाला मिळाला असता.

आता गोष्टीकडे वळू. मुंबईने पहिले पाच सामने ओळीने जिंकले. सहावा, १८ मार्चचा, उत्तर प्रदेशच्या संघाने नेरूळलाच जिंकला. तरीही मुंबईचे दहा गुण होते आणि धावगती होती +२.६७०. दिल्लीचे गुण आठ, धावगती +१.४३१. दोघांचेही दोन-दोन सामने बाकी. माझ्या शेजारचे सद्गृहस्थ, जे एरवी विम्याच्या हप्त्याचाही हिशेब बायकोकडून करून घेतात, म्हणाले, “आता काय, दोनपैकी एक जिंकला की झाले. एवढी मोठी गती कोण गाठणार?” त्यांचे म्हणणे अवास्तव नव्हते. पण २० मार्चला रात्री मुंबईची गाठ दिल्लीशीच होती.

त्या रात्री मुंबईला वीस षटकांत आठ बाद १०९ धावाच करता आल्या. एवढ्याशा धावसंख्येवर हार होणार हे प्रेक्षकांनी मनात मान्य केले होते. पराभव किती लांबविता येतो हा खरा प्रश्न होता, आणि तो त्या वेळी फार थोड्या लोकांना सुचला. दिल्लीला मात्र सुचला होता. शफाली वर्मा, मेग लॅनिंग आणि अ‍ॅलिस कॅप्सी या तिघींनी नऊ षटकांत ११० धावा करून सामना संपविला. चोपन्न चेंडू! मुंबईची गती +१.७२५ वर घसरली आणि दिल्लीची +१.९७८ वर चढली. एकमेकांविरुद्धच्या सामन्यात एकाचा तोटा हा दुसऱ्याचा नफा असतो, त्यामुळे अंतर दुपटीने हलते. इतर कोणत्याही सामन्यात हे घडत नाही.

दुसऱ्या दिवशी, २१ मार्चला, साखळीचा शेवटचा दिवस. दुपारी नेरूळला मुंबई विरुद्ध बंगळूर, संध्याकाळी ब्रेबॉर्नवर दिल्ली विरुद्ध उत्तर प्रदेश. मी दुपारच्या सामन्यास गेलो होतो. बंगळूरच्या १२५ धावा झाल्या आणि मुंबईने त्या १६.३ षटकांत, सहा गडी गमावून पार केल्या. विजय मिळाला, गुण बारा झाले. आणि तरीही धावगती +१.७२५ वरून +१.७११ वर उतरली. माझ्या पुढच्या रांगेतील एक शाळकरी मुलगी आपल्या वडिलांना पुनःपुन्हा विचारीत होती, “बाबा, जिंकूनसुद्धा कमी कसं झालं?” वडिलांना उत्तर देता येईना. उत्तर असे आहे: ज्या विद्यार्थ्याची सरासरी ८० आहे, तो नव्या परीक्षेत ७० गुणांनी उत्तीर्ण झाला तर सरासरी खाली येणारच. मुंबईची आजवरची सरासरी मोठी होती. त्या दिवशीचा विजय तिच्याहून लहान होता.

मग साऱ्यांची दृष्टी ब्रेबॉर्नकडे. मुंबई बारा गुण, दिल्ली दहा. दिल्ली हरली तर मुंबई पहिली. जिंकली तर गुण बरोबर आणि निकाल धावगतीवर. म्हणजे मुंबईच्या चाहत्यांनी त्या संध्याकाळी उत्तर प्रदेशच्या विजयासाठी देव पाण्यात घालणे भाग होते. त्याच उत्तर प्रदेशच्या, ज्यांनी तीन दिवसांपूर्वी आपल्याला हरविले होते, आणि मुंबई दुसरी राहिल्यास एलिमिनेटरमध्ये ज्यांच्याशी गाठ पडणार होती. परतीच्या गाडीत ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल होता. उत्तर प्रदेशने १३८ केल्या, दिल्लीने १७.५ षटकांत १४२ केल्या. दिल्लीची गतीही विजयानंतर घटलीच, +१.९७८ वरून +१.८५६ झाली, पण +१.७११ पेक्षा ती जास्तच होती. दिल्ली पहिली, मुंबई दुसरी.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. मुंबईचा आठ सामन्यांचा जमाखर्च असा: केलेल्या धावा ११६६, षटके १४३ आणि दोन चेंडू, दिलेल्या धावा ९५४, षटके १४८ आणि तीन चेंडू. प्रश्न एकच होता. २० मार्चच्या रात्री दिल्लीने त्या ११० धावांना नऊ षटकांऐवजी किती चेंडू जास्त घेतले असते, तर मुंबई पहिली राहिली असती? बाकी सर्व तसेच धरून उत्तर आले ते पाहून मी पुन्हा आकडेमोड केली, कारण ते खरे वाटेना. नऊ चेंडू पुरेसे होते. दीड षटक! तेवढे झाले असते तर मुंबईची गती +१.७७५ आणि दिल्लीची +१.७५७ झाली असती. दोन षटके टिच्चून टाकली असती, एक झेल उडविला असता, मधल्या वेळात नवी फलंदाज आली असती, तर पराभव पराभवच राहिला असता, परंतु अंतिम सामन्याचे दार थेट उघडले असते. हरलेल्या सामन्याचीही अखेरची षटके लढविण्यात हा अर्थ असतो, आणि तो प्रेक्षकांस बहुधा दुसऱ्या दिवशी कळतो.

आता कोणी विचारील, हा नियम न्याय्य आहे काय? माझे मत विचाराल तर, पुरता नाही. सामना चार गडी राखून जिंकला काय किंवा नऊ गडी राखून जिंकला काय, धावगतीला त्याचे काही नाही. शिवाय दुबळ्या संघाला एकदा चिरडले की तो नफा महिनाभर पुरतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या मोसमाशी ताडून पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. तेथे एकेक संघ १६२ सामने खेळतो, अनिर्णित सामना जवळजवळ नसतोच, आणि धावांच्या फरकाला स्थान ठरविताना किंमत नाही. बरोबरी झाली तर पूर्वी जादा सामना खेळवीत. २०२२ पासून एकमेकांविरुद्धची कामगिरी आधी पाहतात. तिकडचे चाहते शेवटच्या आठवड्यांत एक ‘जादूचा आकडा’ मोजीत बसतात. तो काढण्याची रीत मोठी मनोरंजक आहे: १६३ मधून आपले विजय वजा करा, मग पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करा. समजा, आपले विजय ९५ आणि त्याचे पराभव ६४, तर उरतात ४. आपला प्रत्येक विजय आणि त्याचा प्रत्येक पराभव या आकड्यातून एक-एक काढीत जातो. शून्य झाले की आपण निश्चिंत. आपल्या सुखात दुसऱ्याच्या दुःखाचा वाटा किती, याचा इतका चोख हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि तरीही तेथे निश्चिंतपणा नाहीच. १९५१ साली ऑगस्टच्या मध्यास न्यूयॉर्क जायंट्स हा संघ ब्रुकलिन डॉजर्सच्या साडेतेरा सामने मागे होता. मोसम संपताना दोघे बरोबरीत आले आणि ३ ऑक्टोबरला जादा सामन्यांतील शेवटचा सामना बॉबी थॉमसनच्या एका फटक्याने जायंट्सकडे गेला.

आमच्याकडे असा फटका वानखेडेवर २५ मे २०१४ रोजी बसला. राजस्थानच्या १८९ धावा झाल्या होत्या. मुंबईला नुसते जिंकून भागणार नव्हते. राजस्थानची धावगती ओलांडावयाची तर १९० धावा १४.३ षटकांत हव्या होत्या. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा कुटल्या. १४.३ षटके झाली तेव्हा धावसंख्या बरोबर १८९, आणि त्याच चेंडूवर अंबाती रायुडू धावचीत! सर्वांस वाटले संपले. राजस्थानच्या खेळाडूंसही तसेच वाटले असावे. परंतु गणित संपले नव्हते. पुढच्या चेंडूवर एक धाव पुरली नसती. चौकार किंवा षटकार मात्र पुरला असता, कारण त्याने एकूण धावाच वाढल्या असत्या. आदित्य तरे आला आणि पहिल्याच चेंडूवर त्याने जेम्स फॉकनरला षटकार मारला. राजस्थानचे मार्गदर्शक राहुल द्रविड यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. ज्या गृहस्थाचा संयम शाळेच्या धड्यात घालावा, त्याची ही अवस्था, मग तुमच्या-आमच्यासारख्यांची काय कथा!

उलट प्रकार २०२२ साली पाहावयास मिळाला. त्या वर्षी सारे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथेच झाले, आणि मुंबई पहिले आठ सामने हरून तळाशी बसली होती. गुणतालिकेत तिला काही मिळवावयाचे उरले नव्हते. पण २१ मेच्या तिच्या शेवटच्या सामन्यात दिल्ली जिंकली असती तर बंगळूर बाहेर गेले असते. बंगळूरची धावगती उणे होती. त्या रात्री बंगळूरचे चाहते मुंबईचा जयजयकार करीत होते. मुंबईने दिल्लीच्या १५९ धावा पाच चेंडू राखून ओलांडल्या आणि ज्यांच्याशी वर्षानुवर्षे वैर, त्यांना बाद फेरीत पोहोचविले. अशा संघाला खेळण्यास कारण नाही असे आपण म्हणतो. मला वाटते, कारण नसताना नीट खेळणारा संघच स्पर्धेचा खरा पंच असतो. त्याने हात आखडता घेतला, की इतरांच्या हिशेबाची सारी वही खोटी पडते.

२०२३ ची गोष्ट अर्धी राहिली. मुंबईला जास्तीची परीक्षा द्यावी लागली ती २४ मार्चला, नेरूळलाच. नॅट सिव्हर-ब्रंटच्या नाबाद ७२ धावांनी मुंबई १८२ पर्यंत गेली. मग इसी वाँगने या स्पर्धेतील पहिली हॅटट्रिक घेतली आणि उत्तर प्रदेशचा डाव ११० वर आटोपला. तीन दिवसांपूर्वी ज्यांच्या विजयासाठी आम्ही प्रार्थना केली, त्यांच्या पराभवाने त्याच आम्ही टाळ्या पिटल्या. पुढे २६ तारखेस ब्रेबॉर्नवर मुंबईने दिल्लीला सात गडी राखून हरविले आणि नऊ चेंडूंचा माझा कागद निरुपयोगी ठरला. मी तो जपून ठेवला आहे.

नेरूळने अशी आणखी एक शर्यत पाहिली, आणि ती साऱ्या देशाची होती. २०२५ च्या ऑक्टोबरात स्त्रियांच्या विश्वचषकात भारत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला. शेवटचा तर चार धावांनी. तीन संघ उपांत्य फेरीत गेले होते, एकच जागा उरली होती. भारताचे पाच सामन्यांत चार गुण, न्यूझीलंडचेही पाच सामन्यांत चार. २३ ऑक्टोबरला दोघांची नेरूळला गाठ होती. येथे नियमातील एक बारकावा कामी आला. या स्पर्धेत गुण सारखे झाल्यास धावगतीच्या आधी विजयांची संख्या पाहावयाची होती. न्यूझीलंडचे दोन सामने कोलंबोत पावसाने वाहून गेले होते. त्यांच्या चार गुणांत विजय एकच होता. म्हणजे भारत जिंकला तर सहा गुण आणि तीन विजय होणार. न्यूझीलंड पुढे इंग्लंडला हरवूनही सहा गुण आणि दोनच विजय. धावगतीची कटकटच नाही. सांगलीची स्मृती मानधना १०९, प्रतिका रावल १२२, दोघींची २१२ धावांची सलामी, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद ७६. ४९ षटकांत तीन बाद ३४०. पावसाने षटके कमी झाली, लक्ष्य बदलले, आणि भारत ५३ धावांनी जिंकला.

त्यानंतरचा बांगलादेशाविरुद्धचा सामना, २६ ऑक्टोबरचा, गुणतालिकेच्या दृष्टीने शून्य किमतीचा होता. भारताची चौथी जागा वर जाणार नव्हती की खाली येणार नव्हती. तोही पावसाने अर्धवट राहिला. पण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावल जायबंदी झाली आणि मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावून घ्यावे लागले. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा भारताने नेरूळलाच पार केल्या. जेमिमा १२७ वर नाबाद राहिली. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शफालीने ८७ धावा केल्या आणि दोन गडीही बाद केले. साखळीत ऑस्ट्रेलियाचे १३ गुण होते, इंग्लंडचे ११, दक्षिण आफ्रिकेचे १० आणि भारताचे अवघे ७. मध्यरात्रीच्या सुमारास दीप्ती शर्माच्या गोलंदाजीवर हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल घेतला, तेव्हा नेरूळ स्टेशनाकडे पायी निघालेल्या लोंढ्यात कोणाच्याही हातात कागद-पेन्सिल नव्हती.